पंचम रुजू

मी यादव बाळाजी दिघे,
दुय्यम कारकून, कलावंत खाते, बडोदे.
पगार बावीस रुपये. दप्तर मोडीत.
खात्यात गवई, पहिलवान, नकलाकार
आणि तोफ डागणारे पोपट पाळणारा एक मियाँ.
हजेरी सगळ्यांची एकाच वहीत.

सरकारांना गाणे फारसे कळत नसे.
गाणाऱ्याच्या घरी चूल पेटली की नाही
ते मात्र कळे.
पहिल्या तारखेला पगार. आजाऱ्यास निमपगारी रजा.
नशेत आल्यास आठ आणे दंड.
सारंगीची तार तुटली तर अर्ज करावा,
तुटकी तार सोबत जोडून.

मग हुकूम आला:
प्रत्येक गवयाने आपल्या घरच्या चिजा
शाळेसाठी लिहून द्याव्यात, सबब
माणूस मेला की चीज त्याच्यासोबत जाते
आणि ती सरकारी पगारावर वाढलेली असते.

मुसाहिब खाँ आले. पानदान उघडले.
"लिखिए, दिघेसाब."
मी विचारत गेलो, ते सांगत गेले:
कितवी मात्रा, कोणता स्वर, किती लांब.
मींड विचारली, तर म्हणाले,
कागदावर तिला जागा किती?
मी बोटाने दाखवली.
ते हसले. मींड तेवढीच दिली.

बागेश्रीच्या अंतऱ्याशी थांबले.
बाहेर सूरसागराच्या पायरीवर
कोणी धुणे आपटत होते, त्याचा ठेका चुकत होता.
"यहाँ पंचम," म्हणाले.
मी पंचम लिहिला. वर शिक्का.
खाली त्यांची सही, उजवीकडून डावीकडे,
परत निघालेल्या माणसासारखी.

चौथ्या दिवशी पहाटे
मांडवीमागच्या गल्लीत दुधाला गेलो
तर त्यांच्या माडीवरून तीच चीज.
मला गाणे येत नाही,
पण सहा महिने स्वर लिहून कान तिखट झाला होता.
अंतऱ्यात पंचम नव्हता.
त्याच्या जागी दुसरेही काही नव्हते.
जिन्याची एक पायरी मुळातच नसावी
आणि घरच्यांचा पाय
अंधारातही चुकू नये, तसे.

तांब्या हातात. भरवाड म्हणाला, "साहेब, दूध ने?"
कळवावे, तर खोटी माहिती दिली म्हणून बडतर्फी.
महिना साठ रुपये, त्यावर नऊ तोंडे.
न कळवावे, तर शाळेत एक भिका होता,
न्हाव्याचा, सतार त्याच्याहून उंच.
कुठल्या उस्तादाने त्याला उंबऱ्याच्या आत घेतले असते?
सरकारांनी घेतले. फी माफ, सतार सरकारी.
त्या पोराच्या हातावर
मी हा पंचम ठेवणार होतो.

शेरा लिहिला: तपासले, बरोबर.
पुस्तक छापले गेले, किंमत चार आणे.

खाँसाहेब गेले. बेवेस अर्धी पेन्शन; तो कागद मीच केला.
पुढे खाते गेले. राज्यही विलीन झाले,
पोपटांचे काय झाले ते वहीत नाही.

आता माझे वय चौऱ्याहत्तर.
परवा शाळेवरून जाताना खिडकीशी थबकलो.
शिकवीत होता शौकत, खाँसाहेबांचा नातू,
पगारी शिक्षक, पुस्तक मांडीवर.
तीस पोरे अंतऱ्याशी आली.
तीसही जणांनी एकदम पंचम लावला.
शौकत थांबवील म्हणून मी काठी टेकून उभा राहिलो.
तो म्हणाला, "शाबास. पुन्हा."

त्याला ठाऊक नसेल.
किंवा असेल, आणि त्यालाही नऊ तोंडे असतील.
माडीवर पहाटे अजून कोणी उठते का
हे पाहायला मी गेलो नाही, गुडघे दुखतात.

पोरांनी पुन्हा म्हटले.
खरे सांगायचे तर,
तो वाईट लागत नव्हता.